उभी रेघ

माझ्या सुईखालून रोज साडेसहाशे कमरा जातात.
आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही,
तिथे मी बोटभर चिठ्ठी शिवते:
मेड इन लेसोथो.
कापड परकं, चेन परकी, साहेब तैपेईचे,
कंबर कुठल्याशा ओहायोतली.
देश तेवढा आमचा,
चार टाक्यांचा.

जून महिना. मालोती डोंगरांवर बर्फ.
थेत्सानेच्या फाटकाबाहेर आम्ही बायका रांगेत,
अंगावर घोंगड्या, छातीशी खोचलेली मोठी पिन,
तोंडातून वाफा.
आत गेलं की घोंगडी खिळ्याला.
दिवसभर ती ओळ तशीच लटकते,
आत माणसं नसलेली माणसं.

यंदा ऑर्डरी आटल्या. तीन लायनी बंद,
मशिनांना प्लास्टिकची झूल.
सुपरवायझर म्हणाला, लांब कुणीतरी सही केली.
मी विचारलं, त्याला नकाशात आपण सापडतो का?
तो हसला.
मग हसायचा थांबला.

रविवारी भाऊ आला, रापेलांग, सीमेपलीकडच्या खाणीतून.
आईसाठी नवी घोंगडी, चेनवाल्या पिशवीत.
"निम्म्या पैशात. बस अड्ड्याजवळच्या चिनी दुकानातली."
आईने अंथरली. हात फिरवला. उलटा फिरवला.
आईचं नाव मालिकेलेली, लिकेलेलीची आई.
लग्नातच सासरच्यांनी ठेवलेलं,
मी पोटातसुद्धा नव्हते तेव्हा.
"कणसं उलटी उगवलीत," ती म्हणाली.

खरंच. सगळे शेंडे खाली,
जणू मका आभाळात पेरलाय.
"मग फिरवून घे," रापेलांग म्हणाला.
"मग ढाल उलटी होते."
"ऊब काय कणीस बघून मिळते?"
माझंही डोकं फिरलं. म्हटलं,
आपलं कुणीही छापावं,
आणि पैसे मोजून आपणच पांघरावं?

आईने पत्र्याच्या पेटीतून तिची काढली.
लग्नातली. लोकरीची, जड, डांबरगोळीच्या वासाची.
"ही आपली का गं?"
मग कुणाची?
"बोटीने आली ही, गोऱ्यांच्या गिरणीतून.
आणि ही रेघ, आपण अंगावर उभी ठेवतो ती,
लेकरं वाढावीत, मका वाढावा म्हणून,
ती म्हणे तिथली चूक होती. धागा चुकला.
टाकून द्यायचा माल तो.
आपल्या लोकांनी हातात घेतला,
पाहिला, आणि म्हणाले, असू दे."

मी गप्प.
माझ्याकडे चुकलेल्या टाक्याला लाल खडू लागतो,
आणि पगारातून पैसे जातात.

"म्हणजे हीपण चालेल," रापेलांग खूश.
"तसं कुठं म्हटलं मी?
ती चूक आपण निवडली होती.
हिला नुसती घाई होती."
मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही.
"की तेव्हाही कुणी असंच म्हणालं असेल?
मला नाही माहीत. थंडी आहे. दे इकडे."

रात्री नवी घोंगडी माझ्या पुलानेच्या वाट्याला आली.
अंधारात तिने कूस बदलली
आणि घोंगडी तडतडली,
निळ्या ठिणग्या, इथे, तिथे.
"आई, हिच्यात वीज आहे!"
मुद्दाम लोळायला लागली पोरगी.
पलीकडून आईचा आवाज आला,
"आमच्या घोंगडीत हे नव्हतं हो."
त्यात हसू होतं की काय,
अंधारात कळलं नाही.

झोपेत तिने रेघ आडवी केली.
मी उठून उभी केली.
तिने परत आडवी.
दोनदा, तीनदा.
साडेपाचला उठले, वाकून टोक ओढलं
तर ठिणगी चावली,
नेमकी त्याच बोटाला,
ज्याने मी देश शिवते.